अर्थ शोधायला निघालेला माणूस : धर्मानंद कोसंबी

मित्रांनो, गोष्ट फर्स्ट इयरची आहे. हॉस्टेलवर येऊन चार महिने झाले होते, दुसऱ्या दिवशी एम-वनचा पेपर होता. झोपायच्या आधी मी नेहमीप्रमाणे पलंगावर मांडी घालून हळू आवाजात वंदना म्हणत होतो. घरची सवय, दुसरं काही नाही. रूममेटने पुस्तक मिटलं आणि सहज विचारलं, की रोज हे म्हणतोस त्याचा अर्थ काय रे?

त्रिशरण आणि पंचशीलाचा अर्थ मी धडाधड सांगितला. तेवढा शाळेत असल्यापासून माहीत होता. त्याच्या पुढे मात्र गाडी अडकली. बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना, मंगलसुत्त... सगळं तोंडपाठ, पण शब्दाशब्दाचा अर्थ विचारला तर पाटी कोरी! तो बिचारा हसला आणि म्हणाला, की वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही अथर्वशीर्ष पाठ आहे आणि माझीही तीच गत आहे. दोघेही हसलो आणि दिवा घालवला. पण मला झोप आली नाही. पेपरचं टेन्शन होतंच, पण त्या प्रश्नाचं जास्त होतं.

आमचं गाव पळसदेव. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं, की इंदापूरच्या अलीकडे लागतं. तुम्ही बघता ते नवीन गाव. जुनं पळसदेव भीमेच्या काठावर होतं, ते उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली उतरलं की जुन्या पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. आमच्या वस्तीत एक छोटं विहार आहे. तिथे रविवारी आणि पौर्णिमेला वंदना होते. मला सगळी वंदना शिकवली ती माझ्या आज्जीने. तिला लिहिता-वाचता येत नाही. ऐकून ऐकून पाठ केलेलं आणि एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. अर्थ तिलाही माहीत नव्हता. मी लहानपणी एकदा विचारला होता, तेव्हा ती म्हणाली होती, की तू शिक, मोठा हो आणि मला सांग. ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो!

धर्मानंद कोसंबी हे नाव मला भेटलं ते मात्र सरळ मार्गाने नाही. थर्ड इयरला सिग्नलच्या विषयात कार्हुनेन-लोएव्ह ट्रान्सफॉर्म आला. संदर्भ ग्रंथात त्याच नावाच्या पुढे कोसंबी असंही लिहिलेलं दिसलं. आपल्याकडचं नाव? सरांना विचारलं. ते म्हणाले, हे दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती. त्यांनी ही कल्पना १९४३ साली मांडली होती, म्हणजे त्या दोघांच्याही आधी. आणि जाता जाता सर म्हणाले, की वडील पालीचे फार मोठे पंडित होते, लायब्ररीत मराठीच्या कपाटात बघ. बघितलं. सगळ्यात खालच्या खणात, धूळ खात पडलेलं त्यांचं आत्मचरित्र सापडलं, ‘निवेदन’. सबमिशनच्या आठवड्यात मी ते दोन रात्रींत वाचून काढलं. (सबमिशनचं काय झालं ते विचारू नका.)

मुलगा ट्रान्सफॉर्मवाला, बाप पालीवाला. आज मला बापाची गोष्ट सांगायची आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. घरी माडांची बागायत. शाळा धड झाली नाही, तब्येत यथातथा, पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. म्हणजे त्या काळातल्या कुठल्याही खेड्यातल्या मुलाचं आयुष्य असतं तसंच. पण वाचायचा नाद जबरदस्त. ‘बालबोध’ नावाचं मुलांचं मासिक तेव्हा निघत असे. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि ते डोक्यातून जाईना. मुलांच्या मासिकातला एक लेख! आपण अशा कितीतरी गोष्टी वाचतो आणि पुढच्या पानावर जातो. हा माणूस पुढच्या पानावर गेलाच नाही.

त्याला प्रश्न पडला, की बुद्धाने नेमकं सांगितलं तरी काय? आणि ते कुठे शिकायला मिळेल? आज आपण फोनवर दोन शब्द टाईप केले की हजार उत्तरं येतात. १८९९ साली गोव्यातल्या खेड्यात याचं उत्तर द्यायला कोणी नव्हतं. ज्या देशात बुद्ध होऊन गेला त्या देशात त्याचे मूळ ग्रंथ शिकवणारा माणूस शोधायला घर सोडावं लागत होतं. त्यांनी ते सोडलं. पाठीमागे बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक.

इथे मी अडखळलो, हे कबूल करतो. ज्ञानासाठी घर सोडलं असं वाक्य लिहायला सोपं आहे. पण पाळण्यातल्या पोरीला ठेवून जाणं? दिवाळीच्या सुट्टीत आज्जीला ही गोष्ट सांगायला लागलो तेव्हा तिनेही पहिला प्रश्न हाच केला, की त्या बाईचं काय झालं? बुद्धाबद्दल नाही, कोसंबींबद्दल नाही, बाळाबाईंबद्दल. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, की थांब, पुढे येतंय.

तर कोसंबी आधी पुण्याला आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आधार दिला. संस्कृत आल्याशिवाय पुढचं जमणार नव्हतं, म्हणून ग्वाल्हेर करत १९०० च्या सुमारास काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं. थंडीत अंगावर पुरेसे कपडे नाहीत, शहरात प्लेगची साथ. मेसच्या भाजीवरून आपण किती कटकट करतो ते आठवून मला जरा लाजच वाटली.

१९०२ साली ते नेपाळला गेले. तेव्हा काठमांडूपर्यंत गाडीरस्ता नव्हता, डोंगर तुडवत पायी जायचं. एवढं करून गेले आणि जे शोधत होते ते तिथे मिळालंच नाही. निराश होऊन बुद्धगयेला आले. तिथे भेटलेल्या भिक्षूने सांगितलं, की पाली ग्रंथ शिकायचे असतील तर सिंहलद्वीपाला जा. सिंहलद्वीप म्हणजे आजचं श्रीलंका. मग कलकत्ता, मद्रास आणि तिथून कोलंबो. जवळ पैसे नाहीत, भाषा येत नाही. कोलंबोच्या माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण नावाचं विद्यापीठ होतं. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते १८७३ साली सुरू केलेलं. महास्थविरांना संस्कृत येत होतं, त्यामुळे गोव्याचा हा तरुण त्यांच्याशी बोलू शकला. १९०२ सालीच कोसंबींनी तिथे चीवर अंगावर घेतलं आणि श्रामणेर झाले.

श्रामणेर म्हणजे काय, हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. बारावीची परीक्षा झाल्यावर आज्जीच्या आग्रहाखातर मी दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात बसलो होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात अशी शिबिरं ठिकठिकाणी होतात. डोक्याचा गोटा, अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र. पहाटे साडेचारला घंटा. उठून ध्यान, मग वंदना. मग झाडलोट, ती सगळ्यांनी करायची, कोणाचे वडील कोण आहेत ते बघायचं नाही. सकाळी रांगेने वस्तीत भिक्षेला जायचं, नजर खाली, काही मागायचं नाही, जे वाढतील ते घ्यायचं. जेवण दुपारी बाराच्या आत, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही! दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा वंदना. चौथ्या दिवशी संध्याकाळी सूत्रपठण चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त वडापाव दिसत होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण आठव्या-नवव्या दिवशी एक गंमत झाली. पहाटे पन्नास-साठ जण एका सुरात म्हणत होते आणि माझा आवाज त्यात कुठे संपतो ते मला कळेना. छान वाटलं. अर्थ मात्र तेव्हाही कळत नव्हता.

विहारांतला दिवस शतकानुशतकं थोड्याफार फरकाने असाच चालत आला आहे. पहाटे उठणं, विहार झाडणं, वंदना, भिक्षा, बाराच्या आत भोजन, अध्ययन, संध्याकाळचं पठण. भिक्षूची मालमत्ता आठ वस्तूंची : तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. श्रीलंकेत रात्र-रात्र परित्राणपाठ चालतो. पाठ म्हणणारे आणि ऐकणारे सगळे एकच दोरा हातात धरून बसतात. आणि दर पंधरवड्याला, अमावास्येला आणि पौर्णिमेला, भिक्षू एकत्र जमून प्रातिमोक्ष म्हणतात. म्हणजे भिक्षूंचे २२७ नियम. कोणाकडून चूक झाली असेल तर तिथे ती कबूल करायची.

हे सगळं पाठ कशासाठी? तर शेकडो वर्षं त्रिपिटक लिहिलेलंच नव्हतं. ते माणसांच्या डोक्यात होतं. लिहून काढलं ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, तेही श्रीलंकेतच. संगीती या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र म्हणणं. शंभर जण एकत्र म्हणत असताना एकाची ओळ चुकली तर उरलेल्या नव्व्याण्णवांच्या आवाजात ती लगेच पकडली जाते. आपण डेटा पाठवताना पॅरिटी बिट टाकतो ना, तसलाच प्रकार! एकाच वाक्याची पुन्हा पुन्हा आवर्तनं मला कंटाळवाणी वाटायची. ती चुका होऊ नयेत म्हणून आहेत हे कळल्यावर आज्जीबद्दलचा आदर दुप्पट झाला. अक्षर न येणारी माझी आज्जी अडीच हजार वर्षांच्या साखळीतली एक कडी होती आणि तिने तिच्या वाट्याचं काम चोख केलं होतं. साखळीत अर्थ सुटला होता, तो तिचा दोष नव्हता.

कोसंबी कोलंबोला नेमके हा सुटलेला अर्थ घ्यायला गेले होते. सिंहली लिपी शिकले, पालीत बुडाले. पण तिथलं अन्न त्यांना मानवेना, तब्येत बिघडली. १९०३ मध्ये मद्रासला परतावं लागलं. तरी पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाला गेले. तिथे सगाईंगच्या डोंगरातल्या गुहेत ध्यानाचा अभ्यास केला. सोबतीला कोण, तर ञाणतिलोक नावाचे जर्मन भिक्षू. गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक, बोलायची भाषा उसनी आणि समान धागा पाली! मग कुशिनारा, श्रावस्ती, लुंबिनी अशी बुद्धाच्या वाटेवरची भटकंती, पुन्हा ब्रह्मदेश आणि १९०६ साली कलकत्ता.

आणि इथे त्यांनी चीवर उतरवलं.

मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय घर सोडण्याचा नव्हता, हा होता. एवढ्या खस्ता खाऊन मिळवलेलं विहारातलं शांत आयुष्य त्यांना सहज चालू ठेवता आलं असतं. लोकांनी पाया पडलं असतं. पण मग शिकलेलं सगळं विहाराच्या भिंतीआड राहिलं असतं. ते कलकत्त्याला शिकवायला लागले, आधी नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात. सात वर्षांनी गोव्याला घरी गेले. बाळाबाई त्यांच्या संसारात परत आल्या, आणि ३१ जुलै १९०७ ला दामोदरचा जन्म झाला, तोच आपला ट्रान्सफॉर्मवाला. आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की आला ना परत, बरं झालं, पण सात वर्षं म्हणजे सात वर्षं. मी गप्प बसलो. तिचं म्हणणं मला पटतं आणि कोसंबीही पटतात. दोन्ही एकदम कसं पटतं ते मला सांगता येणार नाही.

पुढची गोष्ट प्लेसमेंटच्या सीझनला मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कलकत्ता विद्यापीठातली चांगल्या पगाराची नोकरी हातात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात राहून काम करायचं, वर्षाला एक पुस्तक लिहायचं, आणि त्यासाठी महिना ५० रुपये. कोसंबींनी मोठा पगार सोडून हे ५० रुपये घेतले. कारण एकच. जे आपल्याला गाव, घर, देश सोडून शोधावं लागलं, ते मराठी माणसाला त्याच्या भाषेत घरबसल्या वाचायला मिळालं पाहिजे. १९१० साली त्यांचं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ आलं.

त्याच वर्षी त्यांना अमेरिकेतून बोलावणं आलं. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचं संपादन सुरू केलं होतं. हा बुद्धघोषाचा पाचव्या शतकातला ग्रंथ. वॉरन १८९९ मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला गोव्यातल्या खेड्यातला, कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस बोलावला गेला. सिंहली, ब्रह्मी लिपीतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, जिथे पाठ जुळत नाही तिथे मूळ शब्द कोणता असेल ते ठरवायचं. मघाशी म्हटलं तसं चूक पकडण्याचंच काम, फक्त आता एकट्याने आणि कागदावर. त्यासाठी ते एकूण चार वेळा अमेरिकेला गेले. १९१८ साली माणिक आणि दामोदरलाही शिकायला सोबत नेलं. पाळण्यात सोडून आलेली पोर आता बापाबरोबर बोटीने अमेरिकेला निघाली होती. हे ऐकल्यावर आज्जीचा चेहरा जरा सैल झाला. श्रेय कोणाचं यावरून तिथल्या संपादकांशी मतभेद झाले आणि ग्रंथ छापला गेला तो थेट १९५० मध्ये, कोसंबी गेल्यावर तीन वर्षांनी. त्यांनी स्वतः मात्र वाट बघितली नाही, देवनागरीतली आवृत्ती १९४० मध्येच काढली होती.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू व्हावा म्हणून डॉ. भांडारकरांच्या बरोबरीने त्यांनी खटपट केली होती. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट तयार झाले, आणि चिं. वि. जोशीसुद्धा. हो, तेच ते चिमणरावांचे चिं. वि. जोशी! पोट धरून हसवणारा लेखक पालीचा प्राध्यापक होता हे मला आधी खरंच वाटेना.

नंतर अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, मग रशियात लेनिनग्राड, आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उडी आणि तुरुंगवास. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी एक विहार उभारलं आणि त्याला नाव दिलं बहुजनविहार. ग्रंथ हार्वर्डचा आणि विहार परळला. मला हा माणूस इथे पुरता कळला असं वाटतं.

त्यांच्या १९२६ सालच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘बौद्धसंघाचा परिचय’. संघ कसा चालायचा, नियम कसे झाले, ते त्यात आहे. ते वाचून मी विनयपिटकाच्या नादी लागलो आणि मित्रांनो, काय सांगू, ते वाचताना आपल्याच हॉस्टेलची नियमावली वाचतोय असं वाटतं. दार आपटू नये. खोली सोडताना अंथरूण आवरून ठेवावं. आणि संडासला जाताना ज्येष्ठ-कनिष्ठ बघायचं नाही, जो आधी आला तो आधी! सीनिअर मंडळींनी याची कृपया नोंद घ्यावी.

हसण्यावारी नेऊ नका, त्यातच एक प्रसंग आहे. एका विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्या घाणीत पडलेला. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बुद्ध फिरत फिरत तिथे आला. त्याने आनंदाकडून पाणी मागवलं, स्वतः त्याला धुतलं, उचलून नीट निजवलं. मग सगळ्यांना जमवून समज दिली, की इथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? सेकंड इयरला मला कावीळ झाली होती तेव्हा माझा तो रूममेट आठ दिवस लेक्चर बुडवून बसला होता, भांडी घासत होता. मी संघवंदना रोज म्हणत होतो. संघ म्हणजे काय हे त्याने न म्हणता दाखवलं होतं.

आता शेवटचं पुस्तक. ‘भगवान बुद्ध’, १९४० च्या सुमाराचं. पुढे साहित्य अकादमीमार्फत ते अनेक भारतीय भाषांत गेलं. आपण शाळेत शिकलो, की राजपुत्र सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि रात्री गुपचूप घर सोडलं. कोसंबींनी मूळ पाली ग्रंथ उघडून दाखवलं, की ही चार दृश्यांची गोष्ट आधी विपस्सी नावाच्या दुसऱ्याच बुद्धाबद्दल सांगितलेली आहे. आणि जुन्या सुत्तात तर आई-बाप समोर रडत असताना गृहत्याग केल्याचं आहे, चोरून नाही. मग कारण काय? त्यांनी लक्ष वेधलं ते माणसांनी एकमेकांवर उगारलेल्या शस्त्रांकडे, शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या झगड्याकडे. झगडा कशाचा? रोहिणी नदीच्या पाण्याचा. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच पाण्याच्या वादाला गृहत्यागाचं कारण म्हणून ठळक जागा मिळाली.

गेल्या वर्षी वर्षावासात सुट्टी काढून घरी गेलो. आज्जीला आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचो. रोहिणीच्या पाण्याचं आलं तेव्हा तिने मला थांबवलं. मग ती जुन्या गावाचं सांगू लागली, जे आजवर कधी एवढं सांगितलं नव्हतं. पाणी वर यायला लागलं तेव्हा बैलगाडीत भांडी घातली, दाराच्या चौकटी काढून घेतल्या, माझे वडील कडेवर होते. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांनाच पुढे पाण्यासाठी भांडावं लागलं. २०२१ साली उजनीच्या ५ टीएमसी पाण्यावरून इंदापूर आणि सोलापूर कसं पेटलं होतं ते तुमच्यापैकी सोलापूरच्या मित्रांना आठवत असेलच. शाक्य कोण आणि कोलिय कोण ते तुम्हीच ठरवा! आज्जी म्हणाली, की म्हणजे बुद्धाने हेच बघितलं होतं. मी म्हणालो, हो. तिने पुस्तक हातात घेऊन चाचपून बघितलं. अडीच हजार वर्षांचं अंतर त्या ओट्यावर मला तरी कुठे दिसलं नाही.

कोसंबींचा शेवट मनाला लागतो. म्हातारपणी प्रकृती पार ढासळली. आता आपल्याकडून काम होत नाही, उगाच दुसऱ्यांवर भार, असं त्यांना वाटू लागलं. १९४६ मध्ये त्यांनी अन्न सोडलं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून पुन्हा घेतलं. पण पुढच्या वर्षी सेवाग्रामला पुन्हा उपवास धरला आणि जून १९४७ मध्ये ते गेले. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होतं. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. आजारी भिक्षूला उचलून निजवणाऱ्या बुद्धाच्या या अभ्यासकाला स्वतःचा भार का वाटावा? आजारी माणूस भार नसतो, ते तर त्यांनीच आम्हाला वाचायला दिलं होतं. मोठ्या माणसाची प्रत्येक गोष्ट आपण घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

जे घेण्यासारखं आहे ते मी घेतलं. सुट्टीत घरी असलो की रविवारी विहारात पोरांना वंदना शिकवतो. एक गाथा म्हणून झाली की थांबतो आणि तिचा अर्थ मराठीत सांगतो. मंगलसुत्तात आई-वडिलांची सेवा आहे, हाताला कला असणं आहे, गोड बोलणं आहे, चांगल्या गावात राहणं आहे, हे पोरांना सांगितलं की त्यांनाही आश्चर्य वाटतं, की एवढं साधं? वेळ दुप्पट लागतो. पोरं चुळबुळ करतात, क्रिकेटची टीम बाहेर वाट बघत असते. मग मागे बसलेली आज्जी दटावते, की बसा गप, अर्थ ऐका, आमच्या वेळी सांगायला कोणी नव्हतं.

रूममेटनेही परवा अथर्वशीर्षाची अर्थासकट पोथी आणली आहे. ‘निवेदन’ मी लायब्ररीत परत केलं आहे. या वेळी वरच्या खणात ठेवलंय, सापडायला सोपं जाईल.

– अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन